अ‍ॅपवर सगळं हिरवं, तरी गोगलगायी मेल्या! रीफ टँकमध्ये त्यांना जगवायचं कसं?

माझ्या मोबाइलमध्ये फिश टँकचं एक अ‍ॅप आहे. तापमान, पीएच, क्षारता, नायट्रेट, जे काही मोजलं ते त्यात टाकायचं. आकडा ठीक असेल तर समोर हिरवा ठिपका येतो, नसेल तर लाल. मागच्या वर्षी एका रविवारी सकाळी त्या अ‍ॅपवर सगळे ठिपके हिरवे होते, आणि टँकच्या तळाशी वाळूवर चार गोगलगायी मरून पडल्या होत्या.

मासे मजेत होते. क्लाउनफिशची जोडी नेहमीसारखी काचेपाशी येऊन खाणं मागत होती. मग गोगलगायीच का मेल्या? या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला तीन महिने लागले. ते स्वयंपाकघरात सापडेल असं तेव्हा अजिबात वाटलं नव्हतं. पण ते सांगायच्या आधी थोडं मागे जावं लागेल, कारण त्या चार माझ्या पहिल्या गोगलगायी नव्हत्या.

आधी थोडक्यात: रीफ टँक आणि गोगलगायीचं काम

रीफ टँक म्हणजे खाऱ्या पाण्याचा असा टँक, ज्यात माशांबरोबर प्रवाळ, म्हणजे कोरल, असतात. माझा टँक पुण्यात आहे, साधारण १०० लिटरचा. त्यात झोअँथिड, मशरूम आणि लेदर हे मऊ कोरल आहेत. (कठीण कोरल, ज्यांना स्टोनी कोरल म्हणतात, ते आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. कोणी 'आपल्याच समुद्रातलं आहे, घेऊन जा' म्हणालं तरी हात लावू नका.)

कोरलला भरपूर प्रकाश लागतो. माशांना खाणं घालावं लागतं, त्याचं पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट होतं. प्रकाश आणि खत एकत्र आलं की शेवाळ येणारच. काचेवर हिरवा थर, दगडांवर तपकिरी साय, मग केसांसारखं लांब शेवाळ. ते रोज हाताने कोण काढणार? म्हणून गोगलगायी. त्यांच्या तोंडात रॅड्युला नावाची पट्टी असते, तिच्यावर बारीक दातांच्या ओळी असतात. कानशीने घासावं तसं ती काच घासत जाते. सकाळी काचेवर नागमोडी स्वच्छ पट्टे दिसले तर समजा, रात्रपाळी झाली.

अडचण अशी की गोगलगाय माशापेक्षा खूप स्वस्त मिळते. त्यामुळे 'मेली तर दुसरी आणू' असं सगळेच म्हणतात. दुकानदार म्हणतो, मीही म्हणायचो. ती का मेली हे कोणी विचारतच नाही. मासा मेला तर आपण रात्रभर गुगल करतो.

पहिली खेप: काकडीची कोशिंबीर

पहिल्या सहा गोगलगायी मी मुंबईहून आणल्या. संध्याकाळच्या गाडीने घरी आलो, पिशवी वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, तापमान सारखं झालं असं समजून गोगलगायी आत सोडल्या. माशांना मी तसंच करायचो. सकाळपर्यंत एकही हलली नव्हती. तिसऱ्या दिवशी सहाच्या सहा गेल्या.

कारण होतं मीठ. समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ पीपीटी क्षार असतात, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम. विशिष्ट घनतेत सांगायचं तर १.०२६. रीफ टँक आपण याच आकड्यावर ठेवतो. पण बरीच दुकानं मासे ठेवतात ते पाणी मुद्दाम कमी खारट असतं, १.०१९ च्या आसपास. मिठाचा खर्च वाचतो आणि माशांवरचे परजीवीही कमी होतात. माशाला हा फरक बऱ्यापैकी झेपतो, कारण कल्ले आणि मूत्रपिंड यांच्या मदतीने तो शरीरातलं मीठ सांभाळतो. समुद्री गोगलगायीकडे ही सोय नाही. बाहेरचं पाणी जितकं खारट, तितकंच तिचं आतलं द्रव खारट. बाहेरचा आकडा एकदम वाढला की तिच्या शरीरातलं पाणी बाहेर ओढलं जातं. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ टाकून पाच मिनिटं ठेवा, वाटीत पाणी सुटतं ना? तेच.

त्यामुळे गोगलगाय आणल्यावर घाई करायची नाही. मी आता असं करतो: पिशवीतलं पाणी गोगलगायींसकट एका स्वच्छ बादलीत ओततो. टँकमधून बादलीत एअर पंपाची बारीक नळी सोडतो आणि नळीला गाठ मारून सेकंदाला तीन थेंब पडतील असं बघतो. या वेगाने तासाला अर्धा लिटर पाणी येतं. पिशवीत अर्धा लिटर पाणी होतं असं धरा. तासाभरात ते दुप्पट होतं आणि घनता १.०१९ वरून १.०२२५ वर येते. मग अर्धं पाणी फेकायचं आणि पुन्हा थेंब सुरू. दुसऱ्या तासाच्या शेवटी १.०२४, तिसऱ्याच्या शेवटी १.०२५. आता गोगलगाय हाताने उचलून दगडावर ठेवायची. बादलीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही, बेसिनमध्ये ओतायचं. का ते पुढे येईल.

मोबाइलवर तीन टायमर लावा आणि एक सिनेमा बघा. एवढंच काम आहे.

पण तुमचा १.०२६ खरंच १.०२६ आहे का?

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण सगळ्यात जास्त गोगलगायी इथेच मरतात असं माझं मत आहे. मीठ मोजायला आपण रिफ्रॅक्टोमीटर वापरतो. काचेवर दोन थेंब टाकायचे, डोळा लावायचा, निळी-पांढरी रेषा कुठे आहे ते वाचायचं. (डोळा लावण्याऐवजी मोबाइलचा कॅमेरा भिंगाला लावून फोटो काढा. झूम करून नीट वाचता येतं आणि तारखेसकट नोंदही राहते.)

बहुतेक जण शुद्ध पाणी टाकून रेषा शून्यावर आणतात आणि कॅलिब्रेशन झालं म्हणतात. पण आपण शून्य मोजतच नाही, आपण ३५ मोजतो. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर दोन-तीन अंकांनी चुकू शकतं. वजनकाटा रिकामा असताना शून्य दाखवतो म्हणजे किलोभर साखरही बरोबर मोजेल, असं थोडंच आहे? शिवाय बरेचसे स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर मुळात साध्या मिठाच्या पाण्यासाठी बनवलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नाही.

यावर घरगुती उपाय आहे. ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी एकत्र करा. या द्रावणातून प्रकाश जितका वाकतो तितकाच तो ३५ पीपीटीच्या समुद्री पाण्यातून वाकतो. म्हणून या द्रावणाचे थेंब टाकून यंत्राची रेषा ३५ वर आणायची. दशांश दाखवणारा किचनचा काटा हवा. तयार कॅलिब्रेशन द्रावणाची बाटलीही मिळते. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझं यंत्र दोन अंक कमी दाखवत होतं, म्हणजे मी ज्याला ३५ समजत होतो ते ३७ होतं. दुकानातून आलेल्या त्या सहा जणींना मी किती मोठा धक्का दिला होता, ते त्या दिवशी कळलं.

दुसरी खेप: आईचं तांब्याचं पाणी

दुसऱ्या सहा गोगलगायींच्या वेळी सगळं नीट केलं. तीन तास थेंब, यंत्र बरोबर, पाणी बरोबर. पाच आठवडे त्या छान फिरल्या. काच लख्ख झाली होती. मग हळूहळू मंदावल्या. काचेवरून खाली पडायच्या, सरळ केल्या तरी शंखातून अर्धवटच बाहेर यायच्या. आधी एक गेली, आणि मग तो रविवार, ज्या दिवशी चार गेल्या. झोअँथिडही नीट उमलत नव्हते, पण तिकडे मी लक्ष दिलं नव्हतं. अ‍ॅप तर हिरवं होतं.

नायट्रेट तपासलं, अमोनिया तपासला, पीएच तपासला, कॅल्शियम तपासलं (४०० ते ४५० पीपीएम हवं, होतं). काहीच सापडेना.

मग एक दिवस घरचा पाण्याचा प्युरिफायर दुरुस्त करायला माणूस आला. फिल्टर बदलून त्याने बिल दिलं, आणि त्यात एक ओळ होती: कॉपर कार्ट्रिज. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "तुमच्या मॉडेलमध्ये आहे ना दादा, पाण्यात तांबं मिसळतं. तब्येतीला चांगलं." आई आतून म्हणाली, "अरे, मीच बघून घेतलाय तो. तांब्याचं पाणी चांगलं असतं."

माणसाला असेल. पण गेले कित्येक महिने टँकमध्ये मी तेच पाणी रोज घालत होतो.

हे समजायला टॉप-ऑफ म्हणजे काय ते माहीत हवं. टँकमधून रोज पाणी उडून जातं, पण मीठ उडत नाही. म्हणून जितकं पाणी उडालं तितकं गोडं पाणी रोज घालायचं, खारं नाही. (गेल्या गणपतीला गावी गेलो तेव्हा शेजाऱ्याला हे सांगायला विसरलो. त्याने प्रेमाने रोज मिठाचं पाणी घातलं, 'समुद्राचा टँक आहे ना' म्हणून!) माझ्या टँकमधून दिवसाला साधारण दोन लिटर पाणी उडतं. आता हिशेब बघा. आपल्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंतही चालतं. आपण कमीत कमी, म्हणजे ०.०५ धरू. रोज दोन लिटर म्हणजे रोज ०.१ मिलिग्रॅम तांबं टँकमध्ये आलं. पाणी उडून गेलं, तांबं राहिलं. साठ दिवसांत ६ मिलिग्रॅम. १०० लिटरमध्ये याचं प्रमाण लिटरला ०.०६ मिलिग्रॅम होतं. खुल्या समुद्रात तांबं लिटरला ०.००१ मिलिग्रॅमही नसतं. म्हणजे आपण साठ पटींच्या पुढे गेलो.

प्रत्यक्षात काही तांबं दगड आणि वाळू शोषून घेतात, पाणी बदललं की काही कमी होतं. पण मी तर पाणी बदलायलाही तेच आरओचं पाणी वापरत होतो.

मासे का वाचले? माशांच्या परजीवींवर तांबं हे औषध म्हणूनच देतात, लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. इतक्या तांब्यात मासा जगतो. गोगलगाय, खेकडे, कोळंबी, कोरल जगत नाहीत. गंमत म्हणजे गोगलगायीच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं जे द्रव्य असतं, त्यात तांबंच असतं, म्हणून तिचं रक्त निळसर दिसतं. शरीराला जे थोडं लागतं तेच पाण्यात जास्त झालं की विष. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये ओतायला सांगितलं ते यासाठीच. दुकानात त्याच पाण्यात माशांना तांब्याचं औषध दिलेलं असू शकतं.

माझ्या साध्या टेस्ट किटवर तांबं शून्य दिसत होतं, कारण इतकं कमी प्रमाण त्या किटला दिसतच नाही. शेवटी तांबं शोषणारं फिल्टर पॅड आणलं. तांबं शोषलं की ते निळसर होतं. दहा दिवसांत ते निळसर झालं. याला प्रयोगशाळेचा अहवाल म्हणता येणार नाही, पण मला तेवढं पुरलं.

म्हणून तुमच्या घरच्या आरओबद्दल दोन गोष्टी बघा. एक, मॉडेलचं नाव किंवा माहितीपत्रक उघडून कॉपर किंवा मिनरल कार्ट्रिज आहे का ते वाचा. दोन, टीडीएस मीटरने पाणी मोजा. माझ्या किचनच्या नळाला ७० यायचं. मी समजत होतो आरओ म्हणजे शून्य. पण चव यावी म्हणून यंत्र मुद्दाम थोडं मिश्रण करतं. आणि टीडीएस मीटर फक्त किती ते सांगतो, काय ते सांगत नाही. ७० मध्ये कॅल्शियम आहे की तांबं, त्याला माहीत नाही. आता मी टँकसाठी वेगळं छोटं आरओ युनिट वापरतो. त्यापुढे डीआय रेझिनचा डबा आहे आणि टीडीएस शून्य येतो. आईचं तांब्याचं पाणी आईला.

एक ऑटो टॉप-ऑफही घेतला. पाण्याच्या पातळीवर सेन्सर बसवायचा, पातळी खाली गेली की छोटा पंप गोडं पाणी टाकतो. मे महिन्यात टँक थंड ठेवायला पंखा लावला की दिवसाला तीन लिटरपर्यंत पाणी उडतं. १०० लिटरमधले तीन लिटर गेले की ३५ चा आकडा ३६ होतो. चार दिवस कोणी पाणी घातलं नाही, तर जवळजवळ ४०. माशाला ते जड जातं, गोगलगाय तर शंखात शिरते आणि बाहेर येत नाही. फक्त या यंत्राच्या पाण्याचा डबा लहान ठेवा. सेन्सर अडकून पंप चालूच राहिला, तर सगळा डबा टँकमध्ये जाईल.

तिसरी गोष्ट: चकचकीत टँकमधली उपासमार

मीठ आणि तांबं यातून वाचलेली गोगलगाय तीन-चार महिन्यांनी मरते ती भुकेने. 'एका गॅलनला एक गोगलगाय' असा एक नियम सगळीकडे ऐकायला मिळतो. त्या हिशेबाने माझ्या टँकमध्ये पंचवीस हव्यात. पंचवीस गोगलगायी दोन आठवड्यांत काच लख्ख करतील, आणि मग खाणार काय? १०० लिटरला चार-पाच पुरे. कमी पडल्या तर वाढवा. नवीन टँकमध्ये तर शेवाळ दिसेपर्यंत एकही आणू नका.

काच फारच स्वच्छ दिसायला लागली तर नोरी द्या. सुशीला गुंडाळतात तो समुद्री शेवाळाचा कागद, साधा, मीठ-मसाला नसलेला. दोन बोटांएवढा तुकडा रबरबँडने दगडाला बांधा, रात्री दिवे बंद झाल्यावर ठेवा, सकाळी उरलेला काढून टाका. मी एक बाजूची काच मुद्दाम पुसत नाही. पाहुणे म्हणतात टँक घाण आहे. तो त्यांचा डबा आहे.

कोणती गोगलगाय घ्यायची? दुकानात गोल शंखाचं जे दिसेल त्याला 'टर्बो' म्हणतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, दोन गोष्टी तपासा. उलटी ठेवून बघा, स्वतः सरळ होते का. ट्रोकस जातीच्या होतात, अ‍ॅस्ट्रिया मात्र वाळूवर उलटी पडली की तशीच राहते आणि मरते किंवा खेकड्याचं जेवण होते. दुसरं, ती कुठल्या पाण्यातली आहे ते विचारा. मार्गरिटा नावाने विकली जाणारी गोगलगाय उत्तर पॅसिफिकच्या थंड पाण्यातली आहे, २६ अंशांत ती हळूहळू मरते. नॅसॅरिअस शेवाळ खातच नाही, ती वाळूतलं उरलंसुरलं मांस खाते. ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरॅटस या दोन मोठ्या जाती आपल्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, त्या कोणी देऊ केल्या तरी नको म्हणा.

मेली की जिवंत आहे हे कळत नसेल तर मोबाइल स्टँडवर ठेवून रात्रभर टाइमलॅप्स लावा. टँकच्या वर मंद लाल प्रकाश ठेवा, त्याने त्या फारशा बिचकत नाहीत. दिवसभर दगडासारखी बसलेली गोगलगाय रात्री टँकला दोन चकरा मारताना दिसेल. नाहीच हलली, तर बाहेर काढून वास घ्या. मेलेल्या गोगलगायीचा वास एकदा घेतला की पुन्हा शंका येत नाही. ती लगेच काढा, नाहीतर लहान टँकमध्ये अमोनिया वाढतो.

आणि एक. सगळ्या गोगलगायी एकाच दिवशी तळाशी पडल्या, आणि दगडांवर बुडबुडे अडकलेले तपकिरी शेंबडासारखे धागे दिसले, तर नवीन गोगलगायी आणू नका. ते साधं शेवाळ नसून डायनोफ्लॅजलेट असण्याची शक्यता आहे. त्यातले काही विषारी असतात आणि ते खाणारी गोगलगाय मरते.

माझ्या टँकमध्ये आता पाच गोगलगायी आहेत. एक त्या रविवारी वाचलेली, चार नंतर आणलेल्या. त्यातल्या दोन सेरिथ, लांबट टोकदार शंखाच्या. गेल्या आठवड्यात मागच्या काचेवर पांढऱ्या नागमोडी रेषा दिसल्या, कोणी पेनने गिरगटल्यासारख्या. मी स्क्रेपर घेऊन पुसायलाच निघालो होतो. जवळून फोटो काढून झूम केला तर लक्षात आलं, ती सेरिथची अंडी आहेत. ती काच अजून पुसलेली नाही.